देवडीतील उजेड

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा माझ्यापुढे नेहमीचे विषय होतेच. लसीकरण, स्तनपान, मुलांचे घटते वजन, वाढते वजन. या विषयांवर मी याच पानांतून पूर्वी लिहिले आहे आणि आपण ते सहनही केले आहे. या खेपेस मात्र एका भिंतीविषयी लिहिण्याचे मनात आहे. ही भिंत आमच्याच इमारतीत, प्रवेशद्वारातून आत आल्याबरोबर समोर उभी आहे. ती उभारण्याच्या ठरावावर माझी सही आहे. म्हणून पुढे जे सांगणार आहे, त्यातील दोषाचा वाटा प्रथम माझा आहे, हे आरंभीच नमूद करतो.

बेळगावहून येळ्ळूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आम्ही पाच डॉक्टरांनी भागीदारीत एक इमारत बांधली. मी बालरोगतज्ज्ञ, अन्य चौघे अन्य शाखांचे. तळमजल्यावर प्रशस्त लॉबी ठेवली. बांधकाम संपत आले, तेव्हा वास्तुशिल्पकाराने सुचवले की, लॉबीच्या दर्शनी भिंतीवर चित्र किंवा लाकडी काम करण्यापेक्षा एलईडी व्हिडिओ वॉल बसवावी. हल्ली मंगल कार्यालये, दागिन्यांची दुकाने, बिल्डरांची कार्यालये, सगळीकडे ती दिसते. दवाखान्याने मागे का राहावे? बारा फूट रुंद आणि सात फूट उंच अशा भिंतीचे दरपत्रक आले. रविवारच्या बैठकीत चहा घेता घेता आम्ही सर्वांनी सह्या केल्या. वर्षानुवर्षे कागद वाचल्याशिवाय सही करू नका असे पालकांना बजावणारा मी, त्या दरपत्रकाचे दुसरे पान उलटलेही नव्हते.

मुळात मी येळ्ळूरचा. आमचे जुने घर मातीचे, कौलारू. दारातून आत आले की सोपा. वाड्यांना देवडी असते, आम्हा शेतकऱ्यांच्या घरांना सोपा. एका अंगाला बासमती भाताची पोती रचलेली असत आणि दुसऱ्या अंगाला घोंगड्यावर आजोबा बसलेले असत. ते बसत ते नेमके अशा जागी, की आत येणाऱ्याचा चेहरा त्यांना आधी दिसावा. कोण आले, घाईने आले की रेंगाळत, पायांत धूळ किती आहे, हातात काही आहे की मोकळाच आहे, हे सारे ते पाहत आणि मग आत हाक मारत. कधी ‘पाणी आण’ म्हणत, कधी ‘भाकरी टाक’ म्हणत. एकदा एक गृहस्थ नुसता उंबऱ्यात उभा राहिला, तर आजोबांनी त्याला काही न विचारता बैलगाडी जुंपायला सांगितली. त्याची सून अडली होती. तोंडावर दिसत होते, असे आजोबा नंतर म्हणाले. सोपा म्हणजे पाहुण्याने घर पाहायची जागा, असे आपण समजतो. खरे तर ती घराने पाहुण्याला पाहायची जागा होती. हे मला कळायला पन्नाशी ओलांडावी लागली.

प्रवेशाच्या जागी काय लिहिले आहे, याला माणसे किती महत्त्व देतात, हे येळ्ळूरच्या माणसाला निराळे सांगायला नको. ‘महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर’ हा आमच्या वेशीवरचा फलक आमच्या पिढीने लहानपणापासून पाहिलेला. जुलै २०१४ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाचा हवाला देऊन प्रशासनाने तो हटवला. ग्रामस्थांनी पुन्हा उभारला. २७ जुलैला पोलीस बंदोबस्तात तो पुन्हा पाडण्यात आला आणि त्या दिवशी गावात जो लाठीमार झाला, त्याचे वर्णन वृत्तपत्रांतून आपण वाचलेच आहे. सीमाप्रश्नाची चर्चा करण्याची ही जागा नव्हे. एवढेच म्हणतो की, काही फूट लांबीच्या, न हलणाऱ्या, न बोलणाऱ्या फलकासाठी माणसे काठ्या खातात, तेव्हा वेशीवरची अक्षरे ही निव्वळ सजावट नसते. आपण कोणाच्या दारात आलो आहोत, येथे आपली दखल घेतली जाईल की नाही, हे माणूस दारातच वाचत असतो. आजारी मूल कडेवर असेल, तर अधिकच.

योगायोग असा की, त्याच २०१४ च्या ऑक्टोबरात भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक निळ्या एलईडीच्या शोधासाठी इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांना जाहीर झाले. तांबडा एलईडी १९६२ सालीच हाती आला होता. पुढे हिरवाही आला. निळा मात्र तीस वर्षे हुलकावणी देत राहिला. निळा नाही म्हणून पांढरा नाही, आणि तिन्ही मूळ रंग नाहीत म्हणून रंगीत पडदाही नाही. नव्वदच्या दशकात पुरेसा तेजस्वी निळा प्रकाश मिळाला आणि मग घरातल्या दिव्यापासून आमच्या लॉबीतल्या भिंतीपर्यंत सगळे शक्य झाले.

ही भिंत म्हणजे मोठा टीव्ही, असा समज असतो. तसे नाही. टीव्हीच्या पडद्यामागे दिवा असतो आणि पडदा तो प्रकाश गाळून पुढे सोडतो. निदान आपल्या घरांतील बहुतेक टीव्ही तसे. येथे प्रत्येक ठिपका हाच दिवा. दोन ठिपक्यांमधील अंतरावरून भिंतीची प्रत ठरते. आमची भिंत अडीच मिलिमीटरची, म्हणजे बारा फूट बाय सात फुटांत सुमारे साडेबारा लाख ठिपके आणि प्रत्येक ठिपक्यात तांबडा, हिरवा, निळा असे तीन दिवे. सदतीस लाखांहून अधिक दिवे आपल्याकडे तोंड करून जळत असतात. अंतराचा ठोकताळा असा सांगतात की, जितके मिलिमीटर अंतर, निदान तितके मीटर दूर उभे राहावे. आमच्या लॉबीत पहिली बाकांची रांग भिंतीपासून सहा फुटांवर होती. म्हणजे दोन मीटरांच्याही आत. हे गणित करायला कोणी बसले नव्हते.

दुसरेही एक गणित आहे आणि ते वैद्यकीय आहे. घरी बत्तीस इंची टीव्ही आपण दहा फुटांवरून पाहिला, तर तो आपल्या दृष्टिक्षेत्राचा आडवा तेरा-एक अंशांचा तुकडा व्यापतो. बारा फुटांची भिंत सहा फुटांवरून पाहिली, तर ती नव्वद अंश व्यापते. पाहणाऱ्याला बाजूला पाहायला जागाच उरत नाही. त्या आकड्याकडे आपण पुढे पुन्हा येऊ.

भिंत सुरू झाली ती दिवाळीच्या सुमारास. सुरुवातीचे दिवस कौतुकाचे गेले, हे कबूल केले पाहिजे. समुद्रातले मासे, बर्फाचे डोंगर, मग राजहंसगडाचे आकाशातून घेतलेले चित्रण, मग आम्हा पाचही डॉक्टरांचे हसरे चेहरे (माझा चेहरा सात फूट उंचीचा पाहून माझी पत्नी जे म्हणाली, ते येथे छापण्यासारखे नाही). रडणारी मुले गप्प झाली. ‘किती वेळ?’ असे विचारायला कोणी खिडकीशी येईना. स्वागतकक्षातल्या मुली खूश होत्या. माझ्या खोलीत आत येणारे मूलही शांत असे आणि मीही खूश होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक वर्षाखालील बाळांना पडदा अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून अधिक नको, असे सांगितले. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०२१ च्या सूचनाही त्याच अर्थाच्या आहेत. त्याची पत्रके माझ्या टेबलावर होती. बाहेर सदतीस लाख दिवे जळत होते. विसंगती माझ्या ध्यानात आली नाही असे नाही. परंतु अर्ध्या तासाने काय होते, अशी मी मनाची समजूत घातली.

अर्ध्या तासाने काय होते, ते एका सोमवारी कळले.

सोमवारची गर्दी आपण जाणताच. चौदा महिन्यांचा एक मुलगा, दोन दिवसांचे जुलाब, उलट्या. वडिलांनी त्याला खांद्यावर घेतले होते. क्रमांक सतरा. लॉबीतली बाके भिंतीकडे तोंड करून मांडलेली असल्याने स्वागतकक्षाला दिसत ती फक्त माणसांच्या पाठी. मुलाचे डोके वडिलांच्या खांद्यावरून भिंतीच्या दिशेला होते, डोळे अर्धवट उघडे. शेजारच्या बाईने कौतुकाने म्हटलेही, ‘बघा की, कसा टक लावून बघतोय!’ वडिलांनाही बरे वाटले. रात्रभर किरकिरणारे पोर शांत झाले होते. पाऊण तास ते तसे बसून होते. त्यांची पाळी आली, तेव्हा मी विचारायच्या आधी वडील म्हणाले, ‘आता बरा हाय ओ डॉक्टर, टीव्ही बघत बसला मघापासनं.’

मूल टीव्ही बघत नव्हते. ते काहीच बघत नव्हते. डोळे खोल गेलेले, पोटावरची त्वचा चिमटीत धरून सोडली तर जागच्या जागी उभी, पाण्याचा चमचा ओठांना लावला तर गिळण्याची इच्छा नाही. तीव्र निर्जलीकरण. साडेआठ किलो वजन. शीर सापडली, हे आमच्या सिस्टरचे कौशल्य आणि त्या कुटुंबाचे दैव. किलोला तीस मिलिलिटर या हिशेबाने पहिल्या अर्ध्या तासात अडीचशे मिलिलिटर रिंगर लॅक्टेट, मग अडीच तासांत किलोला सत्तर. दुसऱ्या तासाच्या अखेरीस त्याने सुई लावलेला हात ओढला आणि जोरात भोकाड पसरले. ते रडणे ऐकून त्याची आई हसली आणि मग तीही रडू लागली. मुलगा तिसऱ्या दिवशी घरी गेला.

आपल्यातील जे बालरुग्णांशी संबंधित आहेत, त्यांना मी काय म्हणतो आहे ते लगेच उमगेल. मुलाची खरी तपासणी डॉक्टरांच्या खोलीत सुरू होत नाही. ती बाहेर, प्रतीक्षेच्या जागेतच सुरू होते. ताप १०३ असला तरी जे पोर दुसऱ्याच्या पिशवीत हात घालते आहे, त्याला थोडे थांबवता येते. ताप ९९ असून जे आईच्या मांडीवर लोळागोळा पडले आहे, त्याला आधी आत घ्यायचे असते. सुस्तपणा, पिता न येणे, प्यायलेले सारे उलटणे, झटका येणे ही धोक्याची लक्षणे आपण आशा कार्यकर्त्यांनाही शिकवतो. यातले पहिले लक्षण ओळखायचे कसे? मूल आजूबाजूच्या जगाला काय प्रतिसाद देते, यावरून. आणि आम्ही आमच्या लॉबीत असे एक यंत्र बसवले होते, की ज्याच्यापुढे निरोगी मूलही सुस्त दिसते. भारलेले मूल आणि ग्लानीत गेलेले मूल, पाठीमागून पाहिले तर सारखेच. हा मुद्दा विक्रेत्याच्या माहितीपत्रकात नव्हता, हे ठीकच; पण तो मलाही सुचला नव्हता आणि मी तीस वर्षे मुले तपासतो आहे.

त्या सोमवारनंतर काहीतरी करायला हवे, असे वाटत राहिले. वाटत राहिले, इतकेच. बैठक बोलावली नाही. दुसरा प्रसंग घडायला आणखी महिना गेला.

मंगल कार्यालयांची प्रवेशद्वारे आता कशी असतात, हे लग्नसराईत आपण पाहतोच. वधूवरांची नावे, गुलाबांचा वर्षाव, फटाके, लखलखाट, सारे एलईडी भिंतीवर. अशाच एका प्रवेशद्वाराशी बारा वर्षांची एक मुलगी मैत्रिणींबरोबर फोटो काढताना कोसळली. हातपाय ताठ, मग झटके, तोंडाला फेस. दीड-दोन मिनिटांत थांबले. जमलेल्यांनी कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली, एकाने दातांत चमचा घालण्याचा प्रयत्न केला आणि त्यात तिचा ओठ फाटला. घरी लिंबू उतरले. चौथ्या दिवशी ती माझ्याकडे आली. मेंदूच्या विद्युत आलेखात, लखलखणारा दिवा दाखवण्याच्या वेळी, जे दिसायला नको ते स्पष्ट दिसले. प्रकाशसंवेदी अपस्मार.

हा विकार फार मोठ्या संख्येने आढळत नाही. अपस्माराच्या शंभर रुग्णांत साधारण तिघांना तो असतो. मात्र मुलांत आणि किशोरवयात त्याचे प्रमाण अधिक, आणि मुलींत मुलांपेक्षा काहीसे जास्त. म्हणजे तो नेमका आमच्या लॉबीत बसणाऱ्यांचा आजार. सेकंदाला तीन ते तीस या गतीने होणारी उघडझाप धोक्याची. त्यातही पंधरा ते पंचवीसच्या आसपासची अधिक. गडद तांबडा रंग विशेष वाईट. आणि लखलखाटाने दृष्टिक्षेत्राचा जितका मोठा भाग व्यापला जाईल, तितका मेंदूचा अधिक भाग एकाच वेळी उद्दीपित होतो. वर सांगितलेले नव्वद अंश आठवावेत.

जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी संध्याकाळी ‘पोकेमॉन’ या व्यंगचित्रमालिकेच्या एका भागात तांबड्या-निळ्या रंगांची उघडझाप काही क्षण सेकंदाला सुमारे बारा वेळा झाली आणि त्या रात्री ६८५ मुलांना रुग्णालयांत नेण्यात आले. त्यांतील अनेकांना पूर्वी कधीही झटका आला नव्हता. लंडन ऑलिंपिकच्या बोधचिन्हाची २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली हलती चित्रफीत याच कारणास्तव काढून घ्यावी लागली. ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीवर सेकंदाला तीनहून अधिक वेळा मोठा लखलखाट दाखवण्यास नियमाने मज्जाव आहे. मंगल कार्यालयाच्या दारातली चित्रफीत मात्र कोणी तपासत नाही. ती कोणा हौशी मुलाने संगणकावर रात्रीत तयार केलेली असते.

येथे एक तांत्रिक खुलासा आवश्यक आहे, कारण विक्रेत्याशी बोलताना माझाही घोटाळा झाला. त्याचे म्हणणे, ‘सर, आमची भिंत सेकंदाला ३८४० वेळा ताजी होते, तिच्यात लुकलुक नाहीच.’ त्याचे म्हणणे खरे होते. इतक्या वेगाची उघडझाप झटका आणत नाही. पण प्रश्न भिंतीच्या लुकलुकण्याचा नव्हताच. भिंतीवर जे दाखवले जाते, त्याच्या लुकलुकण्याचा होता. उत्तम कागदावर विषारी पाककृती छापली, तर कागदाची प्रत सांगून काय उपयोग?

त्या मुलीच्या वडिलांनी माझा कागद हातात घेतला आणि दाराकडे एकदा पाहून हळूच म्हणाले, ‘डॉक्टर, तेवढं फिटचं कागदावर लिहू नका की ओ. पोरीची जात हाय.’ मी लिहिले. त्यांना समजावले, की शाळेतल्या बाईंना हे माहीत असणे तिच्या हिताचे आहे. किती समजले, मला सांगता येणार नाही. मुलीला मात्र मी एक युक्ती शिकवली. लखलखाट समोर आला तर नुसते डोळे मिटायचे नाहीत. मिटलेल्या पापण्यांतूनही तांबडा प्रकाश आत जातोच. तळहाताने एक डोळा पूर्ण झाकायचा आणि मान फिरवायची. एक डोळा झाकला, की मेंदूकडे जाणारा उद्दीपनाचा जोर बराच कमी होतो. तिने तेथेच दोन-तीनदा करून दाखवले. हुशार मुलगी.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा तपासणीला आली. मी त्या वेळी सहज बाहेर आलो होतो. दारातून आत येताच तिने आमची भिंत पाहिली. भिंतीवर त्या दिवशी नव्या वर्षाच्या शुभेच्छांची आतषबाजी चालू होती. मुलीने डावा तळहात डाव्या डोळ्यावर गच्च दाबला, मान वळवली आणि भिंतीच्या कडेकडेने, वडिलांचा सदरा धरून, माझ्या दारापर्यंत चालत आली. तिने तक्रार केली नाही. मी शिकवलेले तिने माझ्याच दारात केले.

त्याच रात्री बैठक झाली. आमचे अस्थिरोगतज्ज्ञ मित्र स्पष्टवक्ते आहेत. ते म्हणाले, ‘एका पेशंटसाठी भिंत काढायची, तर उद्या जिने काढा, लोक पडतात.’ त्यांचा मुद्दा सर्वस्वी चुकीचा नव्हता. भिंतीचे हप्ते चालू होते. शिवाय भिंत काही उपयोगी कामेही करत होती. क्रमांक दाखवणे, डॉक्टर शस्त्रक्रियेत अडकले तर तसे सांगणे, आणि मुख्य म्हणजे भाषा. बाहेरचा नामफलक २०२४ च्या दुरुस्ती कायद्याप्रमाणे साठ टक्के कन्नडमध्ये आहे. परंतु आत येणारी आजी कधी खानापूरकडची मराठी असते, कधी बैलहोंगलची कन्नड. भिंतीवर दोन्ही भाषा शेजारी शेजारी, सारख्या आकारात बसतात, कोणालाही दुसरीच्या डोक्यावर न बसवता. हे श्रेय मी तिला देतो. एका जाहिरात संस्थेने तर हप्ते परस्पर फेडण्याची तयारी दाखवली होती. त्यांच्या यादीत पहिलीच जाहिरात बाळाच्या डबाबंद आहाराची होती. दोन वर्षांखालील बालकांच्या अशा अन्नाच्या जाहिरातीला १९९२ च्या कायद्याने आणि २००३ च्या दुरुस्तीने बंदी आहे, हे सांगितल्यावर त्या गृहस्थांनी ‘मग सर, ज्वेलरी चालेल?’ असे विचारले.

वादात मला एक जुनी आठवण उपयोगी पडली. अमेरिकेत फिलाडेल्फियाला माझी पुतणी राहते. तिने मला तेथील कॉमकास्ट सेंटर या उत्तुंग इमारतीच्या लॉबीत नेले होते. २००८ मध्ये तेथे सुमारे दोन हजार चौरस फुटांची, एक कोटी ठिपक्यांची एलईडी भिंत बसवण्यात आली. आत गेलो, तर भिंत कोठे आहे हेच मला कळेना. लॉबीच्या भिंतींना जे लाकडी तक्ते आहेत, तेच तक्ते पडद्यावर, जसेच्या तसे, स्तब्ध. मग त्या लाकडातून एखादा माणूस वर चढताना दिसे आणि पुन्हा लाकूडच उरे. जाहिरातींचा भडिमार नव्हता. केबल दूरचित्रवाणीवर मोठी झालेली कंपनी आपल्या दारात पडदा बराच वेळ लाकडासारखा गप्प ठेवू शकते, तर आमच्यासारख्यांनी आतषबाजी करण्याची काय निकड होती? हे मी बोललो, तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञ मित्र थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘बरं, ठेवू या लाकडासारखी.’

मग एका रविवारी तंत्रज्ञ आला. भिंतीची तेजस्विता आठशे नीटवर होती. आमच्या सावलीतल्या लॉबीसाठी ती पाव भागाहूनही कमी केली. पांढरी पार्श्वभूमी काढून गर्द निळसर केली. एक चित्र किमान एक मिनिट स्थिर राहील, बदलताना सावकाश विरघळेल आणि हलती चित्रफीत लावायची तर ती आम्हा दोघांनी पाहिल्याशिवाय नाही, असे ठरले. तारा आणि वीजपुरवठ्याचे खोके बाहेर जाण्याच्या वाटेवर आहेत की काय, तेही त्याच दिवशी तपासले. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या रात्री नवजात कक्षाला लागलेल्या आगीत दहा बाळे गेली, तेव्हापासून भिंतीआडच्या तारांविषयी माझ्या मनात एक कायमची धास्ती आहे. एक खोके खरोखरच दाराच्या चौकटीला लागून होते. ते हलवले.

आणि बाके फिरवली. हे काम सर्वांत स्वस्त होते. दोन वॉर्डबॉय आणि वीस मिनिटे. आता बाकांची तोंडे स्वागतकक्षाकडे आहेत. भिंत डाव्या हाताला येते. ज्याला पाहायची, तो मान वळवून पाहतो. खिडकीतल्या मुलीला प्रत्येक मुलाचा चेहरा दिसतो आणि दर पंधरा मिनिटांनी एक सिस्टर बाकांमधून फिरून येते. माझ्या आजोबांची घोंगड्याची जागा तिला मी मनातल्या मनात दिली आहे. तिला अर्थातच हे ठाऊक नाही.

गर्दीच्या वेळी आता लॉबीत गोंगाट होतो. मुले रडतात, पळतात, एकमेकांच्या पिशव्यांत हात घालतात. ‘किती वेळ?’ असे विचारायला पालक पुन्हा खिडकीशी येऊ लागले. स्वागतकक्षातल्या मुली पूर्वीइतक्या खूश नाहीत. ती बारा वर्षांची मुलगी मागच्या महिन्यात आली, तेव्हा दारात क्षणभर थांबली, हात वर नेला, भिंतीकडे तिरके पाहिले आणि हात खाली घेतला.

भिंतीवर अलीकडे बराच वेळ एकच स्थिर पान असते. वर चालू क्रमांक आणि खाली मराठी व कन्नड भाषांत घरगुती जलसंजीवनीची कृती: एक लिटर उकळून थंड केलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. परवा येळ्ळूरच्याच एक आजी नातवाला घेऊन बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने त्या माझ्या खोलीत डोकावल्या आणि म्हणाल्या, ‘डॉक्टर, तुमचा टीव्ही बिघडलाय काय ओ? मघाधरनं एकच चित्र हाय.’ मी म्हटले, ‘बिघडला नाही आजी, मुद्दाम तसाच ठेवलाय.’ त्या जरा विचारात पडल्या. मग म्हणाल्या, ‘मग वाचलं बघा मी सगळं, दोन-तीनदा. पण ते चमचा म्हटलंय, तो चहाचा की पोह्याचा?’

आम्हा पाच डॉक्टरांपैकी कोणाच्याही हे लक्षात आले नव्हते. त्या संध्याकाळी ‘चहाचा’ हा शब्द दोन्ही भाषांत घातला.